वैद्यवर डॉ. भाऊ दाजी लाड : अल्पचरित्र

स्मरणिकेच्या प्रत्येक अंकात ज्ञातीतील एखाद्या दिवंगत थोर पुरुषाचे चरित्र द्यावयाचे, हा आपला परिपाठ वाचकांस ठाऊकच आहे. यंदा तो मान डॉ. भाऊ दाजी लाड यांस देण्याचे कारण अगदी घरगुती आहे. २०२३ साली रत्नागिरीस शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. पालीहून ते वीसएक किलोमीटरांच्या अंतरावर. ज्या मुलुखातील मुलास डॉक्टर व्हावयाचे तर आगबोटीने मुंबई गाठण्यावाचून गत्यंतर नसे, त्या मुलुखातील मुलगी आता सकाळची भाकरी खाऊन निघाली तर व्याख्यानाच्या वेळेस वर्गात पोहोचू शकते. ही गोष्ट लहान नव्हे.

परंतु या मुलांच्या वडीलधाऱ्यांशी बोलताना पदवीनंतरच्या शिक्षणाचा विषय निघाला म्हणजे एक गंमत अनुभवास येते. शस्त्रक्रिया, अस्थिरोग, बालरोग, त्वचारोग अशी नावे भराभर पुढे येतात. सार्वजनिक आरोग्याचे नाव कोणी काढीत नाही. कोणी काढलेच तर, ज्यास दुसरे काही मिळाले नाही त्याने घ्यावयाचा तो विषय, अशा सुरात. रोग झाल्यावर बरा करणारा तो डॉक्टर. रोग गावात शिरूच नये म्हणून खटपट करणारा तो सरकारी माणूस, अशी आपली वाटणी होऊन बसली आहे. मुंबई इलाख्यात पाश्चात्त्य वैद्यकाची पदवी घेणारे जे पहिले आठ जण निघाले, त्यांच्या काळी ही वाटणी झालेली नव्हती. त्या आठांतील सर्वांत नामांकित पुरुषाचे आयुष्य या दृष्टीने पुन्हा एकदा न्याहाळावे, एवढाच या लेखाचा हेतू. प्रस्तुत लेखक वैद्य नाही, हे आरंभीच नमूद केलेले बरे.

भाऊंचे मूळ नाव रामकृष्ण विठ्ठल लाड. जन्म १८२२ सालचा, गोमंतकातील पेडणे महालातील मांद्रे या गावचा. आपल्या पालीवरून दक्षिणेस जाणारा हमरस्ता लांजा, राजापूर, कुडाळ करीत पेडण्याच्याच दिशेने जातो. तेव्हा भाऊ आपणांस तसे परके नव्हेत. घरची स्थिती बेताची. कोकणातील व गोमंतकातील कित्येक कुटुंबांप्रमाणे हे कुटुंबही पोटापाण्यासाठी मुंबईस आले. मुलगा बुद्धिबळात असा तरबेज निघाला की, त्याच्या खेळाची वार्ता गव्हर्नर लॉर्ड क्लेअर यांच्यापर्यंत गेली आणि मुलास इंग्रजी शिकवावे असा सल्ला वडिलांस मिळाला, अशी हकीकत त्यांच्या चरित्रांतून येते. पटावरच्या प्याद्यांनी एखाद्याचे आयुष्य फिरावे, असे क्वचितच घडते. पुढे एल्फिन्स्टन विद्यालयात भाऊंचे शिक्षण झाले आणि तेथेच ते अध्यापनही करू लागले.

याच वेळची एक गोष्ट त्यांच्या पुढील आयुष्याची चुणूक दाखविणारी आहे. काठेवाड व कच्छ या प्रांतांत काही कुळांत मुली जन्मताच मारून टाकण्याची चाल होती. ती बंद कशी पडावी या विषयावर सरकारने निबंध मागविले. भाऊंनी लिहिलेल्या निबंधास ६०० रुपयांचे बक्षीस मिळाले. अद्याप ते वैद्यकाच्या परीक्षेस बसलेले नव्हते, तरी विषय मात्र जन्ममृत्यूचाच होता. कोणत्या समाजात कोण मरते आणि का मरते, या प्रश्नास तरुण भाऊंनी प्रथम हात घातला तो असा, शाळेतील मेजावर बसून.

आता ज्या शाळेत ते वैद्यक शिकले तिची हकीकत थोडी विस्ताराने सांगितली पाहिजे. कारण तिच्यावाचून भाऊंचे मोठेपण कळत नाही. मुंबईत याआधी १८२६ साली डॉ. मॅक्लेनन यांच्या देखरेखीखाली देशी भाषांतून वैद्यक शिकविणारी एक शाळा निघाली होती. ती १८३२ साली बंद पडली. पुढे गव्हर्नर सर रॉबर्ट ग्रँट यांनी वैद्यकीय महाविद्यालयाची कल्पना उचलून धरली. परंतु १८३८ साली त्यांस मृत्यूने गाठले. त्यांचे स्मारक म्हणून लोकांनी वर्गणी जमविली व सरकारने तीत भर घातली. रुग्णालयासाठी सर जमशेटजी जीजीभाई यांनी एक लाख रुपये दिले. अशा रीतीने १८४५ साली भायखळ्यास जे. जे. रुग्णालय व ग्रँट मेडिकल कॉलेज ही जुळी भावंडे उभी राहिली.

कॉलेजाचे पहिले मुख्याध्यापक डॉ. चार्ल्स मोरहेड हे होते. पुस्तकातून वैद्यक येत नाही, ते खाटेपाशी उभे राहून शिकावे लागते, यावर त्यांचा कटाक्ष होता. रुग्ण आला कोठून, त्याचा धंदा काय, ज्वर कोणत्या महिन्यात चढला, शेवट काय झाला, याची टिपणे ठेवावयाची. आणि अशी शेकडो टिपणे एकत्र केली म्हणजे एका माणसाच्या रोगाचे नव्हे तर शहराच्या रोगाचे चित्र दिसू लागते. मोरहेड यांनी हिंदुस्थानातील रोगांवर १८५६ साली जो मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला, तो जे. जे. रुग्णालयातील अशा अनुभवावरच उभा आहे. आज वैद्यकीय महाविद्यालयांत जनऔषधवैद्यक या नावाने जो विभाग असतो, त्याचे बीज या खाटांपाशी होते, असे म्हणावयास हरकत नाही. त्या नावाचा विषय मात्र तेव्हा कोठेच नव्हता. इंग्लंडातही चॅडविक यांचा मजुरांच्या आरोग्यावरील अहवाल निघून तीनच वर्षे झाली होती. सार्वजनिक आरोग्याचा तेथील पहिला कायदा १८४८ सालचा. या विषयाची पदवीनंतरची परीक्षा डब्लिन येथे १८७१ साली सुरू झाली, आणि आपल्या देशात त्यासाठी स्वतंत्र संस्था कलकत्त्यास उघडली ती १९३२ च्या डिसेंबरात. म्हणजे भाऊ पदवीधर झाले तेव्हा या विषयात पुढे शिकावयाचे तर शिकविणारा कोणी नव्हता. शहर हीच शाळा.

पहिल्या तुकडीत जे आठ जण अखेरपर्यंत टिकून १८५१ साली पदवी घेऊन बाहेर पडले, त्यांत भाऊंबरोबर आत्माराम पांडुरंग व अनंत चंद्रोबा होते; उरलेल्यांत पारशी व गोमंतकीय ख्रिस्ती विद्यार्थी होते. शवविच्छेदनाची किळस व धर्मभय, इंग्रजीची अडचण आणि शिकून पुढे पोट भरेल की नाही ही शंका, एवढे अडथळे ओलांडून हे आठ जण पलीकडे गेले. अनंत चंद्रोबा देवी टोचण्याच्या खात्यात गेले. एका मुलाच्या दंडावरील लस दुसऱ्याच्या दंडात टोचण्याऐवजी वासरावर तयार केलेली लस वापरण्याचा प्रयोग १८६० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत झाला, तो त्यांच्या हातून. डॉ. आत्माराम पांडुरंग यांनीही लोकांचा रोष पत्करून देवी टोचण्याचा पुरस्कार केला. प्रार्थनासमाजाचे पहिले अध्यक्ष म्हणून ते आपणांस अधिक ठाऊक आहेत. वर्गमित्रांची ही माहिती मुद्दाम दिली. एकटे भाऊच असे निघाले नाहीत. त्या वर्गाचे वळणच तसे होते.

पदवी घेतल्यावर सरकारी नोकरीत भाऊ फार दिवस रमले नाहीत. त्यांनी स्वतंत्र व्यवसाय मांडला. धाकटे बंधू नारायण दाजी हेही ग्रँट कॉलेजचे पदवीधर. या दोघा भावांनी मुंबईत गरिबांसाठी मोफत दवाखाना चालविला. आज मोफत दवाखाना म्हटल्याने कोणास नवल वाटत नाही. तालुक्यातालुक्याला प्राथमिक आरोग्य केंद्रे आहेत. पण त्या काळी साहेबी औषध म्हणजे बाटलीतून धर्म बुडविणारे पाणी, अशी समजूत सर्रास होती. रुग्णालयाच्या दारात पाय ठेवण्यास लोक कचरत. आपलाच एक माणूस, आपल्याच भाषेत विचारपूस करणारा, दाम न घेता नाडी पाहतो असे कळल्यावर हळूहळू ती भीती ओसरू लागली. श्रीमंतांकडून फी घ्यावयाची आणि तीवर गरिबांचे औषध चालवावयाचे, असा हा व्यवहार. भाऊंची मिळकत थोड्याच वर्षांत मोठी झाली, परंतु ती पेटीत साठून राहिली नाही.

मुंबई तेव्हा झपाट्याने वाढत होती. १८५४ च्या टंचाईने शहर हवालदिल झाले होते. विहारचे पाणी नळाने येऊ लागले ते १८६० साली. नगरपालिकेचा नवा कायदा झाला व डॉ. ह्यूलेट यांच्या रूपाने शहरास आरोग्याधिकारी मिळाला तो १८६५ साली. तोपर्यंत शहराच्या आरोग्याची चिंता करणारे कोण? थोडे सरकारी डॉक्टर, थोडे वृत्तपत्रकार आणि हे नवे पदवीधर. भाऊ १८५२ साली स्थापन झालेल्या बॉम्बे असोसिएशनचे चिटणीस होते. नाना शंकरशेट यांच्याबरोबर त्यांनी राज्यकारभारातील गाऱ्हाणी विलायतच्या पार्लमेंटपुढे मांडली. राजकारण आणि वैद्यक ही त्यांच्या लेखी निराळी खाती नसावीत, असे त्यांचे एकंदर वर्तन पाहता वाटते.

१८६२ साली एक प्रसंग असा आला की, वैद्य या नात्याने त्यांस भर न्यायालयात उभे राहावे लागले. करसनदास मुळजी या गुजराती सुधारकाने वल्लभ संप्रदायातील काही महाराजांच्या दुर्वर्तनावर आपल्या पत्रात टीका केली. जदुनाथजी महाराजांनी त्यांच्यावर पन्नास हजारांचा अब्रुनुकसानीचा दावा लावला. हा खटला महाराज लायबल केस या नावाने देशभर गाजला. त्यात भाऊंनी व डॉ. धीरजराम दलपतराम यांनी महाराजांच्या गुप्तरोगाविषयी वैद्यकीय साक्ष दिली. एप्रिल महिन्यात निकाल करसनदासांच्या बाजूने लागला. ज्या धनाढ्य व्यापारी वर्गाच्या गुरूविरुद्ध ही साक्ष होती, तो वर्ग मुंबईत किती वजनदार होता हे सांगावयास नको. वैद्याने रुग्णाचे गुपित पोटात ठेवावे हा धर्म जुना आहे, आणि तो योग्यही आहे. परंतु ज्या रोगाची लागण एका माणसापासून कित्येक कुलस्त्रियांस व त्यांच्या मुलांस होण्याचा संभव आहे, तो रोग एकट्या रुग्णाचा राहतो काय? शपथेवर विचारले असता भाऊंनी सत्य सांगितले. प्रस्तुत लेखकाच्या मते त्यांच्या वैद्यकीय आयुष्यातील हा सर्वांत धैर्याचा दिवस होय. रुग्णाचे हित व लोकांचे हित यांची ओढाताण झाली म्हणजे काय करावे, हा आजही आरोग्यशास्त्राच्या विद्यार्थ्यांस पडणारा प्रश्न आहे. क्षयाच्या किंवा तत्सम रोगाच्या रुग्णाची नोंद सरकारकडे करताना तरुण डॉक्टरांच्या मनाची चलबिचल होते ती यामुळेच.

आणि याच भाऊंनी दुसऱ्या एका बाबतीत मौन पाळले. ती हकीकत आता सांगावयाची.

महारोग, आजच्या भाषेत कुष्ठरोग, हा आपल्या जिल्ह्याचा जुना शत्रू. किनारपट्टीवर त्याचे प्रमाण पूर्वी फार होते. रत्नागिरीस १८७५ च्या सुमारास दिनशा माणकजी पेटिट यांच्या देणगीतून महारोग्यांसाठी रुग्णालय काढावे लागले, यावरूनच काय ते समजावे. घरातील माणसाच्या अंगावर बधिर चट्टा दिसला की, त्याचे ताट निराळे, अंथरूण निराळे, आणि काही दिवसांनी गावाबाहेरची झोपडी. बहिणींची लग्ने अडत. हा रोग पूर्वजन्मीच्या पापाने होतो असे लोक म्हणत, आणि रक्तातून वंशपरंपरेने येतो असे युरोपातील बडे बडे वैद्यही मानीत. अशा रोग्यांस हात लावून तपासणारा डॉक्टर विरळा. भाऊंनी त्यांस हात लावला. १८६० च्या दशकात त्यांनी महारोगावर एका तेलाचे उपचार सुरू केले. चट्टे फिकट झाले, जखमा भरल्या, बधिर कातडीस पुन्हा स्पर्श कळू लागला, अशा वार्ता पसरल्या. दूरदूरचे रोगी त्यांच्याकडे येऊ लागले आणि त्यांची कीर्ती हिंदुस्थानाबाहेरही गेली.

ते तेल कडू कवठीच्या बियांचे, हे मागाहून जाणकारांत प्रसिद्ध झाले. हे झाड आपल्या वाचकांपैकी पुष्कळांनी पाहिलेले असेल. कोकणात व घाटाच्या पायथ्याशी, ओढ्याकाठच्या सावलीत ते वाढते. सदाहरित, फळ कवठासारखे गोल, वरून तपकिरी मऊ लवेचे, आत कडू तेलकट बिया. खरजेवर, गुरांच्या जखमांवर तेल लावावयाचे. फळ ठेचून डोहात टाकले की मासे गुंगून वर येतात. आजीबाईच्या बटव्यातील ही वस्तू. बंगाल व ब्रह्मदेशाकडे होणाऱ्या चौलमुग्रा या तिच्याच जातभाईचे तेल कलकत्त्याच्या डॉ. मौआट यांनी १८५४ साली पाश्चात्त्य वैद्यांच्या नजरेस आणले होते. भाऊंचा विशेष असा की, त्यांनी आपल्या किनाऱ्यावरचे झाड घेतले आणि ग्रँट कॉलेजात शिकलेल्या पद्धतीने, रोगी वर्षानुवर्षे डोळ्यांखाली ठेवून, त्याचा गुण अजमावून पाहिला.

पण औषध कोणते, ते किती व कसे द्यावयाचे, गुण किती जणांस आला आणि किती जणांस आला नाही, हे सर्व छापून त्यांनी जगापुढे ठेवले नाही. पुरेशी खात्री पटल्यावाचून बोलावयाचे नाही, असा त्यांचा विचार असावा. अर्धवट माहिती बाहेर पडली तर बाजारात भेसळीच्या बाटल्या येतील आणि रोगी नागवले जातील, ही भीतीही खोटी नव्हती. आपल्याकडील जुन्या वैद्यघराण्यांत तर सिद्ध औषध बापाने मुलालाच सांगावयाचे, ही रीत. कारण काहीही असो. वर्षे गेली, भाऊ आजारी पडले, आणि त्यांच्या हाताखालून गेलेल्या रोग्यांची व्यवस्थित हकीकत लोकांस मिळाली नाही ती नाहीच.

चरित्रनायकाचा दोष दाखवू नये, असा स्मरणिकांचा अलिखित नियम आहे. येथे तो मोडावा लागत आहे. ज्या गृहस्थाने प्राचीन शिलालेखांचा एकेक ठसा पंडितांच्या सभेत मांडला, वाचन चुकले तर कोणीही दाखवावे म्हणून छापून काढला, त्याने रोगाच्या बाबतीत तसे का केले नाही, ही रुखरुख त्यांचे चरित्र वाचताना राहते. शिलालेख आणखी हजार वर्षे थांबू शकतो. महारोग्याची बोटे थांबत नाहीत.

तुलनेसाठी दुसरे उदाहरण त्याच आवारात होते. शरीररचनेवरील ग्रे यांच्या सुप्रसिद्ध ग्रंथातील चित्रे ज्यांनी काढली, ते डॉ. हेन्री व्हॅनडाइक कार्टर १८५८ साली ग्रँट कॉलेजात शिक्षक म्हणून आले. त्यांनी मुंबई इलाख्यातील महारोग्यांचा अभ्यास केला, कोणत्या प्रांतात रोग किती याची मोजदाद केली, ज्ञानतंतूंत कोणते फरक होतात याची चित्रे काढली. १८७३ साली ते नॉर्वेस गेले. तेथे त्याच वर्षी हॅन्सेन यास महारोग्याच्या गाठींत सूक्ष्म जंतू आढळले होते. ही गोष्ट छापून आली १८७४ साली. कार्टर यांच्याजवळ भाऊंसारखे औषध नव्हते. त्यांच्याजवळ होत्या नोंदी, आणि त्यांवर पुढच्यांस काम करता आले. भाऊंचा अनुभव आणि कार्टर यांच्या नोंदी एकत्र आल्या असत्या तर काय झाले असते, असा विचार मनात आल्यावाचून राहत नाही.

कडू कवठीचे तेल पुढे जगाने स्वीकारले, परंतु वळसा घालून. १९१५ च्या सुमारास हवाई बेटात ॲलिस बॉल या तरुण रसायनशास्त्रज्ञ स्त्रीने चौलमुग्रा तेलापासून सुईने टोचण्याजोगे औषध तयार करण्याची युक्ती काढली. कलकत्त्यास सर लिओनार्ड रॉजर्स यांनीही त्याच दिशेने काम केले. मग आपल्याकडील कडू कवठीच्या तेलास पुन्हा मागणी आली. १९४० च्या दशकात डॅप्सोन आले आणि तेलाचे युग संपले. १९८० च्या दशकापासून दोनतीन औषधे एकत्र देण्याची पद्धत रूढ झाली. २००५ च्या अखेरीस देशभराचे प्रमाण दर दहा हजारांत एका रोग्याच्या खाली गेल्याचे जाहीर झाले. रोग मात्र नाहीसा झालेला नाही. घरोघर फिरून चट्टे तपासणाऱ्या आपल्या आशाताईंस हे विचारून पाहावे.

भाऊंच्या इतर कार्यावर स्वतंत्र ग्रंथ आहेत, अ. का. प्रियोळकर यांनी लिहिलेले विस्तृत चरित्र जिज्ञासूंनी अवश्य मिळवून वाचावे. येथे उल्लेखापुरते सांगतो. कालिदासाच्या कालनिर्णयापासून गिरनारच्या लेखापर्यंत प्राचीन इतिहासातील अनेक विषयांवर त्यांनी निबंध लिहिले व रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेत ते वाचले; त्यांचे लेखन १८८८ साली कलकत्त्यास एकत्र छापले गेले. मुलींच्या शिक्षणास त्यांनी सढळ हाताने मदत केली. मुंबई विद्यापीठ १८५७ साली निघाले तेव्हा त्याच्या पहिल्या फेलोंत ते होते. १८६९ व १८७१ अशा दोन वेळा ते मुंबईचे शेरीफ झाले. मध्यंतरी १८६५ साली कापसाच्या सट्ट्याचा फुगा फुटला, त्यात मुंबईतील कित्येक कुबेर भिकेस लागले. भाऊंचेही फार मोठे नुकसान झाले. एवढ्या शहाण्या माणसाने शेअरांच्या नादी का लागावे, असे आज आपण सहज विचारतो. तेव्हा मात्र अख्खे शहर त्याच नादात होते. मिळकत गेली, तरी गरिबांचा वैद्य ही त्यांची ख्याती कायम राहिली.

अखेरच्या काळात अर्धांगवायूने त्यांस जखडून टाकले. ज्या हातांनी इतक्यांच्या नाड्या पाहिल्या ते हात लुळे पडले. १८७४ च्या मे महिन्यात, वयाच्या पन्नाशीच्या आसपासच, ते निवर्तले. महारोगाच्या जंतूविषयी हॅन्सेनचा निबंध छापला गेला तो याच वर्षी.

त्यांच्या पश्चात ग्रँट कॉलेजच्या परंपरेत लोकांच्या आरोग्याचे काम खंडित झाले नाही. १८९६ च्या सप्टेंबरात मांडवी भागात प्लेग शिरल्याचे प्रथम ओळखले ते त्याच कॉलेजचे पदवीधर, आणि भाऊंप्रमाणेच मूळचे गोमंतकीय, डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी. प्लेगच्या लशीचा शोध लावण्यासाठी हाफकिन आले तेव्हा त्यांस जागा मिळाली तीही त्याच आवारात. १८९७ च्या जानेवारीत त्यांनी ती लस प्रथम स्वतःस टोचून घेतली, आणि किती जणांस टोचली, किती दगावले, याचे आकडे जगजाहीर केले. आज सार्वजनिक आरोग्यात पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्यास स्वतः माहिती गोळा करून प्रबंध लिहावा लागतो व तो परीक्षकांपुढे ठेवावा लागतो. प्रबंध लिहिल्यावाचून एम. डी. ची पदवी मिळत नाही. बहुतेक विद्यार्थ्यांस हा नियम जाचक वाटतो, असे ऐकतो. रत्नागिरीच्या महाविद्यालयातून पदवी घेऊन पालीच्या एखाद्या मुलीने पुढे हा विषय घेतला आणि प्रबंधासाठी गावोगाव हिंडताना ती वैतागली, तर घरच्यांनी तिला भाऊंच्या तेलाची गोष्ट सांगावी.

भायखळ्यास राणीच्या बागेच्या दाराशी जे वस्तुसंग्रहालय आहे, त्याच्या उभारणीसाठी भाऊंनी नाना शंकरशेट व बर्डवुड यांच्यासह फार खटपट केली होती. ते १८७२ साली लोकांस खुले झाले. १९७५ साली त्यास डॉ. भाऊ दाजी लाड यांचे नाव देण्यात आले. मुलांस हत्ती-वाघ दाखविण्यासाठी बागेत जाणारे आपले मुंबईकर ज्ञातिबांधव त्या पाटीखालून नेहमी जातात. ज्या खाटांपाशी भाऊ वैद्यक शिकले, ते जे. जे. रुग्णालय तेथून फार लांब नाही; पायी जाण्यासारखे आहे.